सर्व्हर उठत नाही तेव्हा

घरगुती साठवण-सर्व्हर म्हणजे एक साधा संगणकच. त्याला बहुधा पडदा नसतो, कळफलकही नसतो. पोटात दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क असतात आणि घरातील सगळे संगणक व फोन आपापल्या फायली त्याच्याकडे ठेवतात. लग्नाचे फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, प्रबंधाचे खर्डे, गाण्यांची ध्वनिमुद्रणे, सगळे तेथेच. हा गडी रात्रंदिवस कोपऱ्यात बसून मुकाट्याने काम करतो, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. आणि एके दिवशी, वीज जाऊन आल्यावर, तो उठत नाही. पंखा फिरतो, दिवाही लागतो, पण फायली दिसत नाहीत. घरातला पहिला उद्गार असतो, "सगळे गेले!"

या लेखात मला एवढेच सांगावयाचे आहे की, बहुतेक वेळा सगळे गेलेले नसते. मात्र घाईने केलेल्या दुरुस्तीत ते खरोखरच जाऊ शकते.

याचे कारण सोपे आहे. सर्व्हर चालविणारी प्रणाली आणि आपण साठविलेली माहिती या दोन गोष्टी अशा यंत्रात बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. प्रणाली एखाद्या लहान डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर असते आणि माहिती मोठ्या डिस्कवर. ग्रंथपाल आजारी पडले म्हणून कपाटांतली पुस्तके नाहीशी होत नाहीत, तसेच हे आहे.

यंत्र सुरू होण्याला इंग्रजीत 'बूट होणे' म्हणतात. हा शब्द 'बूटस्ट्रॅप'वरून आला. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे, असा त्यामागचा गमतीचा अर्थ. खरोखरच, स्मृती रिकामी असलेल्या यंत्राने स्वतःच प्रणाली शोधून ती स्मृतीत आणावयाची असते. हे काम टप्प्याटप्प्याने होते. प्रथम पॉवर सप्लाय घरातल्या २३० व्होल्ट विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह तयार करतो. मग मदरबोर्डवरील बायॉस, किंवा नव्या यंत्रांत यूईएफआय, प्रोसेसर व रॅम तपासतो आणि ठरलेल्या क्रमाने प्रणालीची डिस्क शोधतो. त्या डिस्कवरील बूटलोडर कर्नलला स्मृतीत आणतो. शेवटी कर्नल बाकीच्या डिस्क ओळखून साठा उघडतो आणि नेटवर्कवर हजर होतो.

तेव्हा "सर्व्हर का चालत नाही?" असे न विचारता "साखळीची कोणती कडी तुटली?" असे विचारावे. पुष्कळदा यंत्र उठलेलेच असते. नेटवर्कची तार सैल झालेली असते किंवा राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो. ते पाहून झाल्यावर सर्व्हरला पडदा व कळफलक जोडावा. डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाहीत, हे आपणही पाळावे.

दिवाच लागत नसेल तर प्लग, यूपीएस आणि पॉवर सप्लाय तपासावा. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, किंवा 'बीप बीप' ऐकू येते, तर वीज बंद करून रॅमच्या पट्ट्या काढून एकेक बसवून पाहाव्यात. बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही असा संदेश आला, तर दोष बहुधा प्रणालीच्या डिस्कचा किंवा शोधण्याच्या क्रमाचा असतो. येथे यंत्राचे घड्याळ अवश्य पाहावे. ते कित्येक वर्षे मागे गेले असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला असे समजावे. तो संपला की पुष्कळ जुन्या मदरबोर्डवर वीज जाताच आपण ठरविलेला क्रम पुसला जातो. कर्नल सुरू होऊन मध्येच थांबत असेल, तर पडद्यावरच्या शेवटच्या ओळींचा फोनने फोटो काढून ठेवावा. उत्तर बहुधा त्यांतच असते.

एक उदाहरण देतो. माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी खानापूर तालुक्यातील जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे पंधरा वर्षे जमविली होती. गाणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कित्येकजणी आज हयात नाहीत. त्यांचा सर्व्हर बंद पडला तेव्हा एका दुकानातल्या तंत्रज्ञाने "सर, फॉरमॅट करून नवीन टाकू या" असा सल्ला दिला. सुदैवाने सरांनी तो मानला नाही. आम्ही पडदा जोडला, तर प्रणालीचा पेन ड्राइव्हच यंत्राला दिसत नव्हता. फ्रीनॅससारख्या प्रणाली एके काळी पेन ड्राइव्हवर बसविण्याची पद्धत होती. पुढे ती मागे पडली, कारण फ्लॅश स्मृतीवर ठरावीक वेळाच लिहिता येते आणि प्रणाली सतत काही ना काही लिहीत असते.

आम्ही वीज बंद केली, माहितीच्या चारही डिस्कवर क्रमांक लिहिले आणि त्यांच्या तारा काढून ठेवल्या. मग लहान नव्या एसएसडीवर प्रणाली बसविली. तारा काढल्याचे कारण हे की, बसविताना चुकीची डिस्क निवडली तर ती पुसली जाते. जोडलेलीच नसेल तर पुसणार कशी? त्यानंतर डिस्क जोडून, नवा साठा 'तयार' न करता जुना साठा 'आयात' करण्याची आज्ञा दिली. या दोन शब्दांतच सारा फरक आहे. झेडएफएस ही व्यवस्था प्रत्येक डिस्कवर आपली ओळख चार ठिकाणी लिहून ठेवते, त्यामुळे डिस्क कोणत्याही क्रमाने जोडल्या तरी ती त्यांना ओळखते. ओव्या जशाच्या तशा मिळाल्या. वापरकर्त्यांची नावे व परवानग्या मात्र पुन्हा भराव्या लागल्या, कारण मांडणीची फाइल वेगळी जपलेली नव्हती. साठा कुलूपबंद असता आणि किल्ली त्या पेन ड्राइव्हवरच असती, तर ओव्या डिस्कवर असूनही हाती लागल्या नसत्या.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र प्रयोग थांबवावेत. अशी डिस्क वारंवार चालू केल्याने हानी वाढते. ती जाणत्या माणसाकडेच द्यावी.

शेवटी रेडविषयी. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या कल्पनेमुळे, मिरर वा पॅरिटीची मांडणी असेल तर एखादी डिस्क गेली तरी काम चालू राहते. पण चोरी, आग, वीज पडणे, चुकून पुसणे यांवर तो इलाज नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत पूर आला, तेव्हा कित्येक घरांत पाणी शिरले. अशा पाण्यात एकाच पेटीतल्या चारही डिस्क एकदमच भिजतात. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत दुसऱ्या घरी, हा नियम पाळावा.

ज्यांच्या घरी असा सर्व्हर आहे त्यांनी येत्या रविवारी, तो चालू असतानाच, तीन कामे करावीत: मांडणीची फाइल व किल्ली वेगळी जपावी, डिस्कवर क्रमांक लिहावेत आणि एक प्रत नातलगाच्या घरी नेऊन ठेवावी. दोन तासांपेक्षा अधिक वेळ लागू नये.