वडखळच्या नाक्यावरची शाळा

"लेखक व्हायचे, तर काय वाचावे?" असा प्रश्न दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी मला विचारतो. मी पुस्तकांची यादी देतो. पण हल्ली तिच्या शेवटी एक नाव जोडतो : वडखळ!

त्याचे असे झाले. वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावातून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या एका मुलाने मला आपली कथा दाखवली. मलबार हिलवरचा बंगला, पियानो आणि शेवटी नायिकेचा मृत्यू. भाषा निर्दोष, पण कथेत जीव नव्हता.

"हा बंगला पाहिला आहेस का रे?" मी विचारले. तो खाली पाहू लागला.

"बरे, काल रात्री घरी काय पाहिलेस?"

"काही नाही, सर. उधाण होते. बाबा बांधावर गेले होते, खेकड्यांची बिळे बघायला."

आणि मग तो बोलतच सुटला. खेकड्याने बांधाला पाडलेले बोटभर भोक. त्यातून झिरपणारे पाणी. वेळीच चिखलाचा गोळा बसला नाही तर बांधाला पडणारी खांड. एकदा खारे पाणी शेतात शिरले, की पुढे काही वर्षे भाताचे नाव नको! बाबा परत येईपर्यंत आई चूल विझू देत नाही.

"मग हे का नाही लिहिलेस?"

"यात लिहिण्यासारखे काय आहे, सर?"

दोष त्याचा नव्हता. मीही वर्षानुवर्षे एस.टी.तून वडखळचा नाका ओलांडला, तो पुस्तकात डोके खुपसून. अलिबागचा फाटा आला, एवढेच मला कळे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली आणि 'बनगरवाडी' १९५५ साली आली. धनगरांच्या वाडीवरचा एक तरुण मास्तर, एवढेच त्या कादंबरीचे भांडवल! ते पुस्तक मी वर्गात शिकवीत होतो. पण माडगूळकरांनी जसे पाहिले, तसे पाहायला मात्र शिकवीत नव्हतो.

मुलाने कथा पुन्हा लिहिली आणि आधी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "सगळे बरोबर आहे. पण बिळात उजवा हात घातलास, तो चुकला. उजव्या हातात बॅटरी असते."

असा परीक्षक आम्हां प्राध्यापकांत शोधून तरी सापडेल का?