अल्पजलात जगणाऱ्या वनस्पती

जैन दर्शनाने वनस्पतीस एकेंद्रिय जीव मानिले आहे. तिला स्पर्श हे एकच इंद्रिय. तहान लागली तरी पाणवठा शोधीत जाणे तिला शक्य नाही. जेथे रुजली तेथेच तिला तगावे लागते. हे ती कसे साधते, हे पाहण्यास आपला बेळगाव जिल्हा उत्तम होय. सह्याद्रीलगतच्या खानापूर तालुक्यात पर्जन्यवृष्टी विपुल होते. तेथून पूर्वेस अथणीकडे जावे तसतसा पाऊस कमी होत जातो आणि झाडाझुडपांचे रूपही पालटते.

वनस्पतीच्या पाण्याचा मुख्य व्यय पानांतून होतो. ज्या सूक्ष्म रंध्रांवाटे ती हवा घेते, त्याच वाटेने बाष्प निसटते. म्हणून पळस कोरड्या ऋतूत पाने टाकून देतो. बाभूळ पानांची दले इवलीशी ठेवून मुळे खोलवर नेते. निवडुंगाने तर पानांचे काटे केले व अन्न सिद्ध करण्याचे काम हिरव्या, मांसल खोडाकडे सोपविले. तो आपली रंध्रे रात्रीच्या गारव्यात उघडतो, तेव्हा घेतलेला कर्बवायू आम्लरूपाने साठवितो आणि दिवसा रंध्रे मिटून त्या साठ्यावर काम चालवितो. दक्ष व्यापाऱ्याने खर्चाची वेळ पाहून व्यवहार करावा, तसाच हा प्रकार आहे.

आपल्या पेठेतील शाळूही याच गुणाचा. पाऊस सरल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर तो पिकतो. त्याच्या पानांवर मेणासारखा थर असतो. ताण पडला की पाने गुंडाळली जातात, वाढ थांबते आणि ओल मिळताच ती पुन्हा सुरू होते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी वाण याच गुणामुळे कोरडवाहू शेतकऱ्यांच्या विश्वासास पात्र ठरला.

परंतु येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ज्वारीच्या कोवळ्या ताटांत एक विषोत्पादक द्रव्य असते व पाण्याच्या ताणाने त्याचे प्रमाण वाढते. असा चारा खाऊन गुरे अल्पावधीत दगावतात. दुष्काळात पांजरपोळास चारा देणाऱ्या बंधूंनी खुरटलेली अथवा नव्याने फुटलेली हिरवी ज्वारी, स्वस्त मिळाली तरी, घेऊ नये. पक्व होऊन चांगला वाळलेला कडबाच द्यावा. जीवदयेस ज्ञानाची जोड असेल, तरच दान सफल होते.