चढाईपटूची पारख

अमेरिकेत स्थायिक झालेली आपल्याकडील मुले दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास एका निराळ्याच उद्योगात मग्न असतात. तिकडचा फुटबॉल पायाने कमी आणि हाताखांद्याने अधिक खेळला जातो. त्यातील खऱ्या खेळाडूंची ही मंडळी आपापसात वाटणी करून घेतात, त्यांतून कागदोपत्री संघ बांधतात, आणि त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यांत केलेल्या कामगिरीवर हंगामभर एकमेकांशी स्पर्धा करतात. या वाटणीला 'ड्राफ्ट' असे नाव आहे. एकाने निवडलेला गडी दुसऱ्यास मिळत नाही, त्यामुळे आधी कोणास घ्यावे हाच सारा प्रश्न असतो. ओकलंड शहरात १९६३ साली काही मित्रांनी सुरू केलेला हा बैठा खेळ आज तिकडे घरोघरी पोहोचला आहे. त्यात सर्वाधिक डोकेफोड होते ती 'रनिंग बॅक' निवडताना. चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या भिंतीत एकट्याने घुसणारा, चहूबाजूंनी पकडला जाणारा आणि तरीही चार पावले पुढे सरकणारा हा गडी. त्याला आपल्या भाषेत नाव द्यायचे झाल्यास 'चढाईपटू' याहून समर्पक शब्द सापडणार नाही.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाल्यापासून तोच खेळ आपल्याकडेही रुजला आहे. पैसे लावून खेळण्याचे ॲप ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते उत्तमच झाले. वही, पेन्सिल आणि चार स्नेही एवढ्या सामग्रीवर हा खेळ अधिक रंगतो. मध्य प्रदेशचा संघ या लीगमध्ये नाही, म्हणून डोईफोडिया-खकनार भागातील आपण मराठी मंडळी पुणे आणि मुंबई या दोन संघांत विभागलेली असतो. हा पक्षपात बाजूस ठेवून चढाईपटूची पारख कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे. तो वैद्यक व्यवसायातील वाचकांस परका वाटू नये, कारण अंश पाहून छेद विसरण्याची चूक दोन्ही ठिकाणी सारखीच महाग पडते.

बहुतेक जण मागील हंगामाचा गुणतक्ता उघडतात आणि वरून खाली नावे उचलू लागतात. परंतु एकूण गुण ही संख्या तीन निरनिराळ्या गोष्टींचे मिश्रण असते. गड्याला किती संधी मिळाली, सोबत्यांनी त्याला किती सांभाळले, आणि त्याच्या शरीराने किती साथ दिली, हे सारे त्या एका आकड्यात विरघळलेले असते. पारख करावयाची म्हणजे हे घटक वेगळे काढावयाचे.

प्रथम संधी पाहू. सामना ४० मिनिटांचा आणि एका चढाईस ३० सेकंद, म्हणजे दोन्ही संघ मिळून साधारण ८० चढाया होतात आणि एका संघाच्या वाट्याला ४० येतात. यांतील पंधरा ते वीस चढाया ज्याच्या वाट्याला येतात तो संघाचा मुख्य चढाईपटू. आता एक कल्पित उदाहरण घेऊ. 'अ' ने २२ सामन्यांत ४४० चढाया करून २२० गुण मिळवले. 'ब' ने तेवढ्याच सामन्यांत १७६ चढायांत ११० गुण मिळवले. दर चढाईमागे 'अ' चा अर्धा गुण पडतो, तर 'ब' चा ०.६२ हून थोडा अधिक. गणिताची आवड असलेला मनुष्य येथे 'ब' ला पसंती देतो आणि बहुधा फसतो. 'ब' ला प्रशिक्षक वेळ निवडून पाठवतो. प्रतिपक्षाचा भरवशाचा कोपरारक्षक बाद झालेला असतो किंवा समोरची फळी विस्कळीत असते. निवडक रुग्णांवर यशस्वी ठरलेल्या औषधासारखीच ही गोष्ट आहे. तोच दर दिवसाला वीस चढायांवर टिकेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पहिल्या फेरीत 'अ' च घ्यावा. मात्र 'अ' दुसऱ्या संघात गेला किंवा जायबंदी झाला, तर त्याच्या चढाया कोणाकडे जाणार हे पाहून ठेवावे, कारण स्वस्तात मिळणारा खरा माल तोच असतो. देवांक दलालने २०२४ च्या हंगामात पाटण्याकडून ३०१ चढाई-गुण मिळवले, आणि पुढच्याच लिलावात बंगालने त्याच्यासाठी २ कोटी २० लाखांहून अधिक मोजले. ते ३०१ गुण तक्त्यावर दिसण्याआधी ज्याने त्याच्याकडे वळणाऱ्या चढाया पाहिल्या होत्या, त्यालाच तो खालच्या फेरीत मिळाला.

यानंतर गुणांचा प्रकार. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा ओलांडली की एक गुण मिळतो. गड्यास स्पर्श करून परतल्यासही एक गुण. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात, पण मैदानात नाहीत. स्पर्शाच्या गुणाने आपला एक बाद गडी परत येतो, बोनसने येत नाही. बोनसवर जगणारा चढाईपटू आपल्या वहीत गुण आणतो, परंतु संघ रिकामा होत गेला की प्रशिक्षक त्याला बाहेर बसवतो. शिवाय प्रतिपक्षाचे पाचच गडी उरले की त्याचे दुकानच बंद होते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर येणारी 'करो या मरो' ची तिसरी चढाई कोण करतो, हेही पाहावे. तीत गुण न मिळाल्यास गडी बाद होतो. ती सातत्याने ज्याच्या गळ्यात पडते त्याचा दर कमी दिसतो, पण संघाचा विश्वास त्याच्यावरच असतो.

(जाता जाता: चढाई वैध ठरण्यासाठी जी रेषा ओलांडावीच लागते तिला मराठीत 'निदान रेषा' म्हणतात. येथे निदान म्हणजे 'किमान'. आपल्या धंद्यातील निदानाशी तिचा संबंध नाही, तरी ती न ओलांडता परतणाऱ्याची गत दोन्हीकडे एकच होते.)

सोबत्यांचा घटक सर्वांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. चढाईपटू पकडला गेला की तो बाकावर बसतो. आपल्या बाजूने प्रतिपक्षाचा गडी बाद केला तरच तो परततो, आणि तेही बाद झालेल्यांच्या क्रमाने. म्हणजे त्याचा मैदानावरील वेळ इतरांच्या पकडींवर अवलंबून असतो. बचावफळी भक्कम असेल तर तो दीड-दोन मिनिटांत पुन्हा चढाईस जातो. फळी ठिसूळ असेल तर पाच-पाच मिनिटे हात चोळत बसतो. तेलुगू टायटन्सने २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. एका संघाची थैलीच तेव्हा ५ कोटींची होती, म्हणजे अर्ध्याहून अधिक रक्कम एका माणसावर गेली, आणि उरलेल्या रकमेत कोपरे व मध्यफळी उभी करावी लागली. पवनने त्या हंगामातही दोनशेहून अधिक चढाई-गुण मिळवले. संघ मात्र २२ पैकी अवघे २ सामने जिंकून तळाशी राहिला. त्याच हंगामात पुणेरी पलटण विजेती ठरली आणि तिचा एकही चढाईपटू गुणतक्त्यातील पहिल्या तिघांत नव्हता. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेला कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे यांनी चढाया वाटून घेतल्या होत्या, आणि पकडीसाठी इराणचा मोहम्मदरेझा शाडलू होता. खरा संघ असा बांधावा. वहीतला संघ असा बांधू नये. चार वाटेकरी असलेल्या संघातील चढाईपटू आपल्याला कोणत्या दिवशी पंधरा गुण देईल आणि कोणत्या दिवशी तीन, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. पुण्यावर प्रेम असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

अमेरिकेतील उदाहरणही याच अंगाने जाते. सॅक्वॉन बार्क्ली हा रनिंग बॅक २०२३ साली न्यूयॉर्क जायंट्सकडून ९६२ यार्ड धावला. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियाकडे गेला. तेथे त्याच्यापुढे वाट मोकळी करणारी फळी कितीतरी बळकट होती, आणि तोच माणूस २००५ यार्ड धावला. एका वर्षात त्याचे पाय दुप्पट चांगले झाले असे कोणी म्हणणार नाही.

आता शरीराकडे वळू. येथे आपला अधिकार इतरांहून थोडा अधिक असावा. ज्या स्तंभात चढायांची संख्या लिहिलेली असते तोच स्तंभ झिजेचाही असतो. निवड करणाऱ्याला वीस चढाया म्हणजे वीस संधी दिसतात. गुडघ्याच्या दृष्टीने ते वीस वेळा एकदम थांबणे, वळणे आणि घोटा पकडला गेला असताना देह पिळून मध्यरेषेकडे झेपावणे असते. लॅरी जॉन्सन या रनिंग बॅकला २००६ च्या हंगामात कॅन्सस सिटीने ४१६ वेळा चेंडू घेऊन धाववले. तो विक्रम होता. पुढच्या हंगामात आठव्या सामन्यात त्याचे पाऊल मोडले आणि तो हंगाम तिथेच संपला. एका उदाहरणाने सिद्धान्त होत नाही हे मान्य, पण मागील वर्षी सर्वाधिक राबलेल्या गड्यास पहिल्या क्रमांकावर घेताना हात थोडा आखडावा.

आपल्याकडील नावे परिचित आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडच्या सिद्धार्थ देसाईने २०१८ साली यू मुंबाकडून पदार्पणातच २१८ चढाई-गुण मिळवले. पुढील वर्षी त्याला १ कोटी ४५ लाख मिळाले आणि त्याने २१७ गुण मिळवून ती किंमत सार्थ केली. त्यानंतरच्या हंगामात खांद्याने घात केला. पवन सेहरावत २०२२ साली २ कोटी २६ लाखांना तमिळ थलैवाजकडे गेला, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचा हंगाम संपला. अस्लम इनामदारही विजेतेपदानंतरच्या हंगामात गुडघ्यामुळे मधूनच बाहेर पडला. २०२५ मध्ये तो परतला आणि पुणे अंतिम सामन्यापर्यंत गेले.

एसीएल तुटलेल्या चढाईपटूविषयी वर्तमानपत्रात 'जोमाने पुनरागमन' असे छापून येते, तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख पाहावी. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांत पुन्हा इजा होण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक असते. पंचविशीच्या आतील खेळाडू खेळात परतले की साधारण पाचांतील एकाचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जातो. ॲड्रियन पीटरसनचा एसीएल डिसेंबर २०११ मध्ये तुटला आणि २०१२ च्या हंगामात तो २०९७ यार्ड धावला. ही गोष्ट प्रत्येक जखमी गड्याला कोणीतरी ऐकवतोच. ती खरी आहे, आणि अपवादाची आहे. गावोगावच्या स्पर्धांत सुजलेला गुडघा घेऊन 'डॉक्टरसाहेब, एवढा अंतिम सामना होऊ द्या' म्हणणारा मुलगा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याच्यामागे उभे असलेले मंडळाचे कार्यकर्तेही पाहिले असतील. त्यांच्या वहीत तो एक नाव असतो; खोगीर त्याच्या पाठीवर असते. आपल्या चार मित्रांच्या खेळात मी असा गडी तीन फेऱ्या मागे ढकलतो. दवाखान्यात त्याला ढकलून देता येत नाही. पट्टी बांधून पाठवण्याऐवजी लॅकमन चाचणी करावी, आणि ती सकारात्मक आली तर मंडळाच्या अध्यक्षांसमोरच 'नाही' म्हणावे.

वयाबाबत परदीप नरवालहून बोलका दाखला नाही. विसाव्या वर्षी, २०१७ साली, त्याने एका हंगामात ३६९ चढाई-गुण मिळवले, आणि प्रतिपक्षाच्या साखळीखालून निसटणारी त्याची डुबकी पोराटोरांनी पाठ केली. २०२१ मध्ये त्याला १ कोटी ६५ लाख मिळाले, २०२४ मध्ये ७० लाख, आणि २०२५ च्या लिलावात कोणीच बोली लावली नाही. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. कारकिर्दीतील १८०१ गुण त्याच्या नावावर आहेत, पण ड्राफ्टमध्ये कारकीर्द विकत घेता येत नाही, पुढचा हंगाम तेवढा घेता येतो. वजन, वय आणि बचावपटूंनी चित्रफिती पाहून शिकलेले उत्तर, या तिन्हींचा परिणाम एकदमच दिसू लागतो. म्हणून सव्विशी ओलांडलेल्या नामवंतापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातील, चढाया वाढत चाललेला, गुडघा शाबूत असलेला तरुण मला नेहमी अधिक भावतो.

सहा मित्रांचा ड्राफ्ट असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांत एक मुख्य चढाईपटू आणि एक भक्कम कोपरारक्षक घ्यावा. दोन्ही फेऱ्या चढाईवर उधळू नयेत. आपल्या मुख्य चढाईपटूच्याच संघातील दुसरा चढाईपटू शेवटच्या फेरीत उचलून ठेवावा, कारण पहिल्याच्या चढाया बहुधा त्याच्याकडेच जातात. आणि नावे पेन्सिलीने लिहावीत. सुरुवातीचे सात गडी सामन्याच्या थोडे आधीच कळतात, तोवर खोडरबर जवळ असू द्यावे.