बीएस्सी नर्सिंग करताना 'मायनर' विषय घेता येतो का?

बी.ए., बी.कॉम.ला गेलेले मित्र नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर-मायनर निवडतात. मग बीएस्सी नर्सिंगला सायकॉलॉजी मायनर घेता येईल का? थोडक्यात उत्तर: तसा मायनर इथे नाही. पण दोन पर्याय आहेत. त्यातल्या दुसऱ्यात नीट चौकशी केली नाही, तर फी वाया जाऊ शकते.

मायनर का नाही?

हा अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवते. आठ सेमिस्टर, थिअरी-प्रॅक्टिकलला किमान ८० टक्के हजेरी आणि पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकल पोस्टिंग १०० टक्के पूर्ण. शेवटच्या सेमिस्टरला २२ आठवडे इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास. त्यात आणखी एक अख्खा विषय बसत नाही.

पर्याय १: इलेक्टिव्ह

चार वर्षांत ३ इलेक्टिव्ह करावे लागतात. प्रत्येक १ क्रेडिटचा, २० तासांचा. म्हणजे एकूण ६० तास. मायनरच्या मानाने हे कमीच, पण पुढे काय करायचं ते ठरवून निवडले तर उपयोगी पडतात.

• मानसिक आरोग्य: अ‍ॅडिक्शन सायकियाट्री, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी
• माता-बाल आरोग्य: लॅक्टेशन मॅनेजमेंट
• हॉस्पिटल प्रशासन: हेल्थ इकॉनॉमिक्स, अ‍ॅक्रेडिटेशन
• एम.एस्सी., संशोधन: सायंटिफिक रायटिंग

कोणता विषय कोणत्या टप्प्यात घ्यायचा हे ठरलेलं असतं. यादीतला प्रत्येक विषय तुमच्या कॉलेजात शिकवतीलच असं नाही, त्यामुळे आधीच विचारून ठेवा.

पर्याय २: सोबत दुसरी पदवी

एप्रिल २०२२ पासून यूजीसी एकाच वेळी दोन पदव्या करू देते. त्यामुळे नियमित नर्सिंगसोबत दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन दुसरी पदवी करता येते. मात्र तुमच्या कौन्सिलचे नियमही लागू होतात, म्हणून आधी कॉलेजची लेखी परवानगी घ्या.

फी वाया जाण्याचा धोका इथेच आहे. नर्सिंगला जवळचे वाटणारे सायकॉलॉजी, न्यूट्रिशन हे विषय यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइनमधून बंद केले आहेत. कुणी 'अ‍ॅडमिशन सुरू आहे' असा मेसेज पाठवला तरी पैसे भरू नका. समाजशास्त्र, लोकप्रशासन किंवा भाषा यांचा विचार करता येईल. तेव्हाही विद्यापीठ आणि कोर्स दोन्ही यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहेत का, ते तपासा.

पदवीच हवी असं नसेल, तर?

भाषा शिका. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी२ पातळीची जर्मन लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात ती शिकता येते. पहिल्या वर्षापासून थोडं थोडं सुरू केलं, तर इंटर्नशिपच्या धावपळीत नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.