जुन्या मालमोटारीस स्वयंचलित गिअरपेटी

कुंडलिकेकाठच्या जुना जालना भागातील मोसंबीची ने-आण करणाऱ्या बागाईतदारांस क्लच दाबण्याचा त्रास चुकविण्याचा मोह होणे साहजिक आहे. स्वयंचलित पेटी १९४० च्या नमुन्याच्या ओल्ड्समोबिल मोटारींतून अमेरिकेत प्रथम मोठ्या प्रमाणावर विकली गेली. हींत क्लचाऐवजी तेलाच्या ओघाने शक्ती पुढे जाते. ते तेल तापते, म्हणून निवविण्यास निराळी जाळी हवी. शिवाय जुने डिझेल एंजिन मंद फिरते. वेगवान पेट्रोल एंजिनाकरिता बांधलेली पेटी भरल्या ओझ्याने वरचा गिअर टाकीतच नाही. बॅटरी उतरल्यास आजच्या पेटीची गाडी ढकलूनही सुरू होत नाही. सबब, एंजिनाच्या फेऱ्यांशी पेटीचा मेळ जाणत्या मिस्त्रीकडून आधी पाहून घ्यावा, मगच पैसा घालावा, असे आमचे शेतकरी बंधूंस सांगणे आहे.