ट्रेलर घेऊन रॉकी पर्वतात

ट्रॅव्हल ट्रेलर : स्वतःचे इंजिन नसलेले, गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर. आत पलंग, शेगडी, शौचालय. मोटरहोमला स्वतःचे इंजिन असते. ट्रेलर मात्र तळावर सोडून गाडी मोकळी फिरवता येते. निवृत्त जोडप्यांना ही मोठी सोय.

वजन : ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर हवा. तो कमी पडला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो.

चढ-उतार : उंचीवर हवा विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते. उतारावर खालचा गिअर. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात.

दोन रस्ते
- ट्रेल रिज रोड, कोलोरॅडो : सर्वोच्च बिंदू १२,१८३ फूट. हिवाळ्यात बंद.
- गोइंग-टू-द-सन रोड, माँटाना : १९३३ मध्ये पूर्ण खुला. कड्यालगतच्या अरुंद टप्प्यात गाडी व ट्रेलर मिळून २१ फुटांहून लांब असल्यास मनाई.

ज्येष्ठांचा पास : वय ६२ पूर्ण. फक्त अमेरिकी नागरिक व कायम रहिवाशांसाठी. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश. अनेक सरकारी तळांवर निम्मे भाडे.