हशा टिकवायचा कसा?
विनोदी मालिका लांबली की नट सोडून जातात आणि पात्रांच्या लकबी फुगत जातात. २००८ पासून चाललेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’त टप्पूचे काम तिघांनी केले, दयाबेन साकारणाऱ्या दिशा वकानी २०१७ साली रजेवर गेल्या, त्या कायमच्या परतल्या नाहीत. सुरुवातीला पात्राला स्वभाव असतो, पुढे एखादी सवयच उरते, कारण हमखास हशा तिलाच मिळतो. कार्टूनला वयाची अडचण नाही: ‘द सिम्पसन्स’मधला बार्ट १९८९ पासून दहाच वर्षांचा आहे. सुख म्हणावे की शिक्षा, कोण जाणे!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टी रंगभूमीचे गणित वेगळे. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथल्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. नाटक कितीही रडवणारे असो, विनोदी पात्र हवेच. समोरच्या गावाला काय रुचते ते पाहून नट जागेवरच संवाद फिरवतो, वाढवतो, नाही जमला तर गिळतो. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे अशाच भूमिकांनी घराघरांत पोहोचले; २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. टीव्हीच्या लेखकाला मात्र प्रेक्षकांची दाद आठवड्याने, टीआरपीच्या आकड्यातून कळते आणि नेमके कोणते वाक्य लागू पडले, ते आकडा सांगत नाही.